मराठी साइट डोळे मिटून वापरून बघा

मराठी साइट सगळ्यांना वापरता येते का, हे तपासायला पैसे लागत नाहीत. विंडोजच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, उतरवून घ्या, हेडफोन लावा, मॉनिटर बंद करा आणि साइटवरचं एक काम शेवटपर्यंत पूर्ण करा. कार्यालयाची वेळ शोधा, प्रवेश अर्ज भरा, पावती उतरवून घ्या. एनव्हीडीए फुकट मिळतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. आज आपल्याकडचे कितीतरी अंध विद्यार्थी, शिक्षक आणि बँक कर्मचारी त्याच्यावर रोजचं काम करतात.

पहिल्यांदा सुरू केलात की तो एकसारखा बोलत सुटेल. म्हणून कंट्रोलचं बटण आधी लक्षात ठेवा, ते दाबलं की तो गप्प होतो. इन्सर्ट आणि कंट्रोल धरून 'एस' दाबलं की आवाजाचं इंजिन निवडता येतं. तिथे ईस्पीक एनजी घ्या. मग इन्सर्ट आणि कंट्रोलसोबत 'व्ही' दाबून आवाजांच्या यादीतून मराठी निवडा. आवाज यांत्रिक आहे, पण शब्द कळतात. 'एच' दाबलं की पुढच्या मथळ्यावर जाता येतं, 'के'ने पुढच्या लिंकवर, 'एफ'ने अर्जातल्या पुढच्या रकान्यावर, 'टी'ने तक्त्यावर. इन्सर्ट आणि एफ-७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंक आणि मथळ्यांची यादी उघडते. ही यादी जरूर ऐका. त्यात 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, अधिक वाचा' असं वीस वेळा ऐकू आलं, तर ऐकणाऱ्याला त्यातलं काय कळणार आहे?

मोबाइलवर हेच काम टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर करतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की तो चालू किंवा बंद होतो. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टिचकी मारली की निवड. अनेकांकडे संगणक नसतोच, सगळी कामं फोनवर होतात. तेव्हा दोन्हीकडे ऐकणं गरजेचं आहे.

पानाची भाषा आधी सांगा

मराठी साइटवर सर्वांत जास्त दिसणारी चूक एका शब्दाची असते. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' नावाचा गुणधर्म असतो. त्यात मराठीसाठी 'एमआर' असायला हवं, पण तिथे इंग्रजीचा 'ईएन' तसाच राहिलेला असतो, कारण थीम इंग्रजीत तयार झालेली असते. स्क्रीन रीडर या गुणधर्मावर विश्वास ठेवतो. ऐकणाऱ्याने स्वतः मराठी आवाज निवडला असला, तरी पान 'मी इंग्रजी आहे' असं म्हणतं म्हणून तो इंग्रजी आवाजाकडे वळतो. इंग्रजी आवाजाला देवनागरी वाचता येत नाही. तो मजकूर गाळून टाकतो, नाहीतर एकेका अक्षराचं नाव घेत बसतो. पान डोळ्यांना अगदी नीट दिसतं आणि कानाला त्यातलं काहीच मिळत नाही.

वर्डप्रेसवर हे दोन मिनिटांचं काम आहे: सेटिंग्जमध्ये 'जनरल', तिथे साइटची भाषा मराठी. स्वतः लिहिलेल्या साइटमध्ये मूळ साच्यात एकदा बदल केला की सगळी पानं सुधारतात. 'हिंदी चालेल, लिपी तर तीच' असंही काही जण करतात. ते करू नका. हिंदी आवाज २५ ला 'पच्चीस' म्हणतो आणि ४९ ला 'उनचास'. 'चाक', 'चोर', 'जाळं' यांतले आपले च आणि ज त्याला येत नाहीत. शुल्क, तारीख, आसन क्रमांक ऐकताना दरवेळी मनातल्या मनात भाषांतर करावं लागतं. शिवाय ज्या फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली आहेत, तिथे तीही 'एमआर' असेल तरच दिसतात. म्हणजे या एका दुरुस्तीचा फायदा डोळसांनाही होतो.

मराठी पानात मधेच रोमन लिपीतला इंग्रजी परिच्छेद आला, तर तेवढ्या भागाला 'ईएन' लावा. पण प्रत्येक सुट्या इंग्रजी शब्दाला लावत बसू नका. वाक्याच्या मध्ये तीनदा आवाज बदलला की वाक्याचा धागाच तुटतो. विशेषनामं, तांत्रिक संज्ञा आणि भाषेत रुळलेले शब्द यांना डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या जागतिक निकषांतही सूट आहे. भाषा बदलायच्या लिंकवर मात्र हे हमखास करा. इंग्रजी पानावरच्या 'मराठी' या शब्दाला 'एमआर' नसेल, तर ज्याला त्या लिंकची खरी गरज आहे त्यालाच ती ऐकू येणार नाही.

टंकलेखनातल्या खोडी

पुढचा भाग संपादकांनी वाचावा, कारण हे प्रोग्रामरच्या हातात नसतं. विसर्गाच्या जागी कोलन टाइप करायची सवय फार पसरलेली आहे. 'दुःख' लिहिताना दु, मग कोलन, मग ख. डोळ्याला फरक जाणवत नाही. आवाज मात्र 'दु' म्हणून थांबतो आणि मग 'ख' म्हणतो. 'स्वतः', 'अंतःकरण', 'निःशुल्क' या सगळ्यांची हीच गत. शोधायला गेलं तर हे शब्द सापडतही नाहीत. जुन्या मजकुरात शोधा-आणि-बदला वापरून हे सुधारता येतं, पण सरसकट बदलू नका. 'वेळ:' किंवा 'स्थळ:' नंतरचा कोलन खरा कोलन असतो. ज्या कोलनच्या दोन्ही बाजूंना अंतर न सोडता देवनागरी अक्षर आहे, ते सगळे आधी घ्या. शब्दाच्या शेवटचे एकेक करून बघा.

दुसरी खोड म्हणजे मथळा रुंद दिसावा म्हणून अक्षरांमध्ये जागा सोडणं: 'सू च ना'. स्क्रीन रीडरसाठी हे तीन शब्द झाले. हेच काम स्टाइलशीटमधल्या 'लेटर-स्पेसिंग'ने केलं तर वाचन बिघडत नाही, पण शिरोरेखा तुटते. देवनागरीत मथळा उठून दिसायला आकार आणि ठळकपणा पुरेसा आहे. तारखाही ०३/०४/२०२५ अशा लिहू नका. ३ एप्रिल २०२५ असं लिहिलं की ऐकणाऱ्याला आणि बघणाऱ्याला, दोघांनाही शंका राहत नाही.

जुने फाँट आणि पीडीएफ

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येऊन इतकी वर्षं झाली तरी कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटमधला मजकूर अजून साइटवर चढतो. या फाँटमध्ये साठवलेली अक्षरं रोमन असतात, फक्त त्यांचे आकार देवनागरी असतात. कृतिदेवमध्ये म साठी 'ई', ह साठी 'जी', काना म्हणजे 'के' आणि र साठी 'जे' येतो. 'महाराष्ट्र' शब्दाची सुरुवात 'महारा' अशी दिसते, पण फाइलमध्ये ती 'ई जी के जे के' अशी असते आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. फाँट चढवून दिला म्हणून काही साधत नाही, कारण कानाला फाँट दिसत नाही. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचा, मग एकदा नजरेखालून घालायचा. परिवर्तक बहुधा ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि मधे आलेले खरे इंग्रजी शब्द यांवर अडखळतात.

पीडीएफची गोष्ट जास्त फसवी आहे. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइलसुद्धा पीडीएफ होताना बिघडू शकते. पीडीएफच्या पोटात अक्षरांचे आकार असतात, आणि कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता वेगळा असतो. रोमनमध्ये एक आकार म्हणजे एक अक्षर, म्हणून गोंधळ कमी होतो. देवनागरीत एका जोडाक्षराचा एकच आकार असू शकतो. 'शि' मधली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर आधी दिसते. रफार म्हणजे आधी उच्चारला जाणारा र, पण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. तक्ता अपुरा असला की हे सगळं विस्कटतं. तपासायची सोपी युक्ती: पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. 'शिक्षण', 'वर्ष', 'प्रवेश' हे शब्द नीट उतरले का ते बघा. नोटपॅडमध्ये जे दिसेल, जवळपास तेच अंध वाचकाला ऐकू येणार आहे.

यावर खात्रीचा उपाय एकच: सूचना असो, परिपत्रक असो, गुणवत्ता यादी असो, ती साध्या वेबपानावरही द्या आणि पीडीएफ त्याच्या जोडीला ठेवा. पीडीएफच द्यायची असेल, तर वर्डमध्ये मथळ्यांना हेडिंगची स्टाइल लावा. नुसतं ठळक केलेलं अक्षर स्क्रीन रीडरच्या लेखी मथळा नसतो. मग 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ निवडा आणि पर्यायांमध्ये सुगम्यतेसाठी रचनेचे टॅग जोडायची खूण चालू ठेवा. प्रिंटच्या वाटेने पीडीएफ काढली की हे टॅग गळून पडतात. आणि सही-शिक्क्यासाठी कागद छापून, पुन्हा स्कॅन करून चढवणं थांबवा. त्या फाइलमध्ये एकही अक्षर उरत नाही, नुसता फोटो असतो.

जुने स्कॅन असतीलच, तर ते ३०० डीपीआयवर घ्या. टेसरॅक्ट हे फुकट ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन, मराठी ओळखतं, मात्र मराठीची भाषाफाइल वेगळी बसवावी लागते. निघालेला मजकूर कोणीतरी वाचलाच पाहिजे. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते, अनुस्वार उडतात. आकडे दोनदा ताडून बघा. शुल्कातला एक अंक चुकला तर अख्खं पान चुकल्यासारखंच आहे.

चित्रांचंही थोडं याच अंगाने. कार्यक्रमपत्रिका, निविदा, 'आज कार्यालय बंद' अशा गोष्टी चित्र म्हणून टाकल्या जातात आणि पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, 'पोस्टर' एवढंच लिहिलेलं असतं, किंवा तेही नसतं. मग फाइलचं नाव वाचलं जातं. त्या पर्यायी मजकुरात चित्र कशासाठी टाकलंय ते लिहा: 'रक्तदान शिबिर, रविवार, सकाळी ९ ते दुपारी २, संस्थेचं सभागृह'. मजकूर दोन ओळींपेक्षा मोठा होत असेल, तर तो चित्राच्या खाली सगळ्यांना दिसेल असा द्या. नुसत्या सजावटीच्या नक्षीला पर्यायी मजकूर रिकामा ठेवा. मात्र रिकामा ठेवणं वेगळं आणि तो गुणधर्मच न लिहिणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात काही वेळा पुन्हा फाइलचं नाव वाचलं जातं.

अर्ज: खरी अडचण इथे येते

बातमी अर्धवट कळली तर माणूस हळहळतो. अर्ज भरता आला नाही तर शिष्यवृत्ती जाते, प्रवेश जातो, पेन्शन अडते. म्हणून वेळ कमी असेल तर आधी अर्ज दुरुस्त करा.

सुरुवात लेबलपासून करा. रकान्यात फिकट अक्षरांत 'पूर्ण नाव' लिहिलं की काम झालं असं समजलं जातं. ती फिकट अक्षरं टाइप करायला लागलं की नाहीशी होतात. स्मरणाची अडचण असणाऱ्याला मधेच कळत नाही की हा रकाना कशाचा होता. खरं लेबल रकान्याशी जोडलेलं असतं. ते जोडलंय का हे कोणत्याही साधनाशिवाय कळतं: 'पूर्ण नाव' या शब्दांवर माउसने क्लिक करा. कर्सर रकान्यात गेला तर जोडलंय. नाही गेला, तर स्क्रीन रीडरला तो बिननावाचा रकाना असण्याची शक्यता दाट आहे आणि तो 'एडिट, रिकामं' एवढंच सांगेल. बोटं थरथरणाऱ्या माणसालाही जोडलेल्या लेबलमुळे क्लिक करायला मोठी जागा मिळते. 'होय' आणि 'नाही' अशी गोल बटणं असतील, तर त्यांच्यावरचा प्रश्न गटाचं शीर्षक म्हणून जोडा. नाहीतर ऐकणाऱ्याला 'होय' ऐकू येतं, पण कशाला होय म्हणायचं ते कळत नाही.

आता मराठीची खास अडचण. नाव तपासायला प्रोग्रामर 'फक्त अक्षरं' असा नियम लावतात. रोमन ए ते झेड असा नियम असेल तर देवनागरी नाव थेट बाद होतं. जरा जाणकार असलेला युनिकोडचा 'लेटर' वर्ग वापरतो. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे 'लेटर' नाहीत, ते 'मार्क' या वर्गात येतात. मग 'कमल' चालते आणि 'सुनीता' चालत नाही. दोन्ही वर्ग घ्या, आणि जोडणारं अदृश्य चिन्ह, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, तेही चालू द्या. काही कळफलकांवर 'कऱ्हाडकर' मधला ऱ्ह त्याच्याच मदतीने टाइप होतो. अक्षरांची कमाल मर्यादाही बघा: 'क्षत्रिय' मध्ये डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, संगणक आठ मोजतो. इंग्रजी नावाच्या हिशेबाने ठेवलेली मर्यादा मराठी पत्त्याला पुरत नाही.

अंकांचंही तसंच. मराठी कळफलक चालू असताना फोन नंबर ९८ ने सुरू केला, की जावास्क्रिप्टमधला अंकांचा नियम तो नाकारतो, कारण त्याला फक्त रोमन अंक ठाऊक आहेत. सर्व्हरवर पायथन ३ असेल, तर तो तेच देवनागरी अंक बिनतक्रार घेतो. म्हणजे पानावर अडतं, सर्व्हरवर अडलं नसतं. ज्याला कळफलक बदलणं कष्टाचं आहे, त्याला 'अवैध क्रमांक' म्हणून परत पाठवण्यात काय अर्थ आहे? तपासण्याआधी देवनागरी दहा अंकांचे रोमन दहा अंक करून घ्या, दहा ओळींचा कोड आहे. फोन आणि पिन कोडसाठी 'नंबर' प्रकारचा रकाना वापरू नका. काही ब्राउझरमध्ये माउसचं चाक फिरलं की त्यातला आकडा बदलतो. साधा मजकुराचा रकाना घ्या आणि मोबाइलवर अंकांचा कळफलक उघडेल एवढी सूचना द्या.

चूक झाली की लाल चौकट दाखवतात आणि वर 'कृपया योग्य माहिती भरा' असं येतं. अंध माणसाला लाल दिसत नाही, रंगांधाला तो करडा वाटू शकतो, आणि योग्य माहिती कोणती हे कोणालाच कळत नाही. 'पिन कोड सहा अंकी हवा, तुम्ही पाच अंक लिहिले आहेत' असं लिहा. हा संदेश त्या रकान्याला जोडा, म्हणजे रकान्यावर आल्यावर तो आपोआप वाचला जाईल. 'जमा करा' दाबल्यावर फोकस, म्हणजे कळफलक ज्या जागी काम करतो ती जागा, पहिल्या चुकीच्या रकान्यावर न्या, आणि भरलेली बाकी माहिती पुसू नका. पान नव्याने उघडून सगळे रकाने कोरे होणं हा डोळसाला त्रास असतो. ज्याने तो अर्ज ऐकत ऐकत अर्ध्या तासात भरलाय, त्याच्यासाठी तिथेच सगळं संपतं.

जन्मतारीख टाइप करता आली पाहिजे. एकेक महिना मागे नेणारं कॅलेंडर १९६२ पर्यंत नेण्यात कोणाचंच भलं नाही. फोटो अमुक पिक्सेलचा आणि अमुक केबीच्या आतला मागण्यापेक्षा येईल तो घ्या आणि सर्व्हरवर लहान करा. फोटो कापणं हे काम एकट्या अंध माणसाला जमण्यासारखं नाही. सत्र संपायची वेळ ठेवलीच असेल, तर संपण्याआधी किमान २० सेकंद इशारा द्या आणि एका बटणात वेळ वाढवू द्या. हे डब्ल्यूसीएजीमध्येही लिहिलेलं आहे.

वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा शक्य असेल तर काढूनच टाका. ऐकायचा पर्याय दिला तरी तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि बहिऱ्या-अंध माणसाला तोही उपयोगाचा नाही. अनेक अर्जांत मोबाइलवर ओटीपी जातोच, मग कॅप्चाची गरज काय उरते? एका इंटरनेट (आयपी) पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांवर मर्यादा घालता येते. यंत्रांना पकडायला लपवलेला खोटा रकाना ठेवायची युक्तीही चालते, पण तो पडद्याबाहेर ढकलून लपवलात तर स्क्रीन रीडरला तो सापडतो. प्रामाणिक माणूस तो भरतो आणि यंत्र ठरतो. टॅबच्या रांगेतून आणि स्क्रीन रीडरपासूनही तो दूर ठेवा. ओटीपीसाठी सहा वेगळ्या चौकटी नकोत, एकच रकाना द्या आणि त्यात चिकटवायची मुभा ठेवा.

चेहऱ्याची पडताळणी हा याच्या पुढचा अडथळा. 'डोळे मिचकावा' असं सांगणारी केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याची प्रक्रिया, ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्या व्यक्तीला करता येत नाही आणि अंध व्यक्तीला चेहरा चौकटीत आणता येत नाही. अशाच याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीबाबत २० निर्देश दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दलच आहे. सरकारी साइटसाठीच्या जीआयजीडब्ल्यू या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. सुगम्यतेचं आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. साइट बनवून घेताना कंत्राटात यांची नावं घाला, आणि पैसे देण्याआधी एक अर्ज स्क्रीन रीडरवर पूर्ण करून दाखवायची अट घाला. नुसतं 'साइट सुगम्य असावी' लिहिलं की ते कोणी तपासत नाही.

माउस बाजूला ठेवा

ज्यांचा हात स्थिर राहत नाही, जे तोंडातल्या काडीने किंवा एखाद्या स्विचने संगणक चालवतात, त्यांचं काम कळफलकाच्या वाटेने होतं. माउस उलटा ठेवा आणि टॅब दाबत जा. आपण कुठे आहोत हे दर वेळी दिसलं पाहिजे. फोकसभोवतीची निळी चौकट 'वाईट दिसते' म्हणून काढून टाकण्याची फॅशन आहे. ती काढलीत तर तितकीच ठळक दुसरी द्या. बटण म्हणून साधा डिव्ह, म्हणजे एचटीएमएलमधला नुसता चौकोन, रंगवला असेल, तर टॅब त्याच्यावर थांबतच नाही. खरं बटण वापरा, म्हणजे एंटर आणि स्पेस दोन्ही आपोआप चालतात. वर उघडणारी खिडकी एस्केपने बंद व्हावी आणि फोकस जिथून गेला तिथेच परतावा. पानाच्या सुरुवातीला 'मुख्य मजकुराकडे जा' ही लिंक द्या, नाहीतर चाळीस लिंकांचा मेनू प्रत्येक पानावर ओलांडावा लागतो.

रंग, ओळी आणि मात्रा

मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. आपल्याकडे केशरी बटणावर पांढरी अक्षरं फार दिसतात. केशरी म्हणून सर्रास वापरला जाणारा रंग (लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१) घेतला, तर पांढऱ्याशी त्याचं प्रमाण जेमतेम २.१ भरतं. त्याच केशरीवर काळी अक्षरं टाकली की ते ९.९ च्या आसपास जातं. रंग बदलायची गरजच पडली नाही. पांढऱ्यावर करडी अक्षरं हवी असतील, तर तिन्ही रंग ११८ असलेला करडा ही शेवटची पायरी. त्याहून फिकट नको.

देवनागरी त्याच आकड्याला रोमनपेक्षा बारीक वाटते. इंग्रजीत १६ पिक्सेल पुरत असेल तर मराठीला १८ किंवा १९ द्या, आणि बारीक वजनाचे फाँट परिच्छेदासाठी टाळा. ओळींमधलं अंतर १.६ च्या खाली आणू नका. वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचे पाय, एवढ्यांना जागा लागते. बटणाची उंची पिक्सेलमध्ये ठरवून 'ओव्हरफ्लो हिडन' लावलं, की कोणी अक्षरं मोठी केल्याबरोबर 'शुल्क' चा उकार कापला जातो आणि 'शल्क' उरतो. उंची मोकळी सोडा, वर-खाली पॅडिंग द्या. लिंकखालची रेघ उकारातून जाते, तिला थोडं खाली सरकवा. ब्राउझर ४०० टक्के मोठा करून बघा. १२८० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर आडवं सरकवावं न लागता सगळं वाचता आलं पाहिजे. मोबाइलवर बोटांनी मोठं करायची सोय बंद करणारी ओळ थीममध्ये असेल तर ती काढा.

कर्णबधिर वाचकांसाठी व्हिडिओला मराठी उपशीर्षकं वेगळ्या फाइलमध्ये द्या. चित्रावर छापलेली नकोत, म्हणजे ती मोठी करता येतात. कोण बोलतंय आणि टाळ्या, घंटा असे अर्थपूर्ण आवाजही त्यात लिहा. अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, छापील मराठी दुसरी. लांबलचक कार्यालयीन वाक्यं तोडून लिहिली की त्यांना फार सोपं जातं. आणि संपर्कासाठी फक्त फोन नंबर देऊ नका, एसएमएस किंवा ईमेल सोबत हवाच.

आपोआप तपासणी आणि तरंगतं बटण

ॲक्स, वेव्ह, लाइटहाउस ही तपासणीची साधनं चालवाच, रंगांचा फरक आणि हरवलेली लेबलं ती पटकन शोधतात. पण पूर्ण गुण मिळाले म्हणून थांबू नका. 'लँग' आहे का आणि त्यातला संकेत वैध आहे का, एवढंच ती बघतात. अख्खं मराठी पान 'ईएन' म्हणून घोषित असलं तरी त्यांच्या लेखी ते पास. पर्यायी मजकुरात 'फोटो १' लिहिलेलं असलं तरी पास.

व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं तरंगतं बटण विकत घेऊन साइट सुगम्य होते, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अक्षरं मोठी करणं, रंग उलटे करणं हे ब्राउझर आणि फोन आधीच करतात. ज्याला स्क्रीन रीडर लागतो तो स्वतःचा घेऊनच येतो. बिननावाचा रकाना, स्कॅन केलेली पीडीएफ, कापलेला उकार यांतलं काहीही ते बटण खात्रीने दुरुस्त करू शकत नाही. उलट बऱ्याचदा ते स्वतःच टॅबच्या वाटेत येऊन बसतं.

शेवटी साइट प्रत्यक्ष दिव्यांग वापरकर्त्यांच्या हातात द्या. तिघे-चौघे पुरतात: एक पूर्ण अंध, एक कमी दिसणारा, एक फक्त कळफलक वापरणारा, एक कर्णबधिर. त्यांना या कामाचे पैसे द्या. 'साइट कशी वाटली' असं विचारण्यापेक्षा ठरावीक काम द्या आणि मधे बोलू नका. एकाच ठिकाणी कोणी दुसऱ्यांदा मागे फिरलं, तर तिथे काहीतरी चुकलंय, नोंद करा. साइटच्या तळाशी अडचण कळवायचा पत्ता द्या. तक्रार आली की कोणतं पान, कोणता ब्राउझर, कोणता स्क्रीन रीडर हे विचारा. उत्तर अपुरं आलं तरी तक्रार बंद करू नका. आणि अर्जाची मुदत जवळ असेल, तर त्या माणसाचा अर्ज त्याच दिवशी दुसऱ्या मार्गाने भरून घ्या. कोडची दुरुस्ती त्यानंतर सावकाश झाली तरी चालेल.